सदू विहिरीत असताना

पन्नाशी उलटल्यावर मुलांच्या कादंबऱ्या वाचणारे आणि त्यापायी जेवण सोडणारे गृहस्थ साऱ्या बंगळुरात एकच होते, ते म्हणजे आमचे बसवनगुडीचे घरमालक अण्णा. आणि त्यांना दोन दिवस उपाशी ठेवण्याचं कर्तृत्व माझं. झालं असं की, एका सकाळी बंब पेटवायला कागद हवा होता. समोर चार सुटी पानं दिसली, मी ती घातली. पाणी छान तापलं. ती आमच्या मुलासाठी पुण्याहून आलेल्या नव्या कादंबरीची शेवटची पानं होती.

मुलासाठी हे आपलं म्हणायला. पार्सल आलं की वाचायचा पहिला मान अण्णांचा. त्यांच्या घराण्याला बंगळुरात तीनशे वर्षं झालेली, शाळा सगळी कन्नडमधली, मराठी घरातली. "मोठ्यांच्या पुस्तकांत माणसं नुसती विचार करत बसतात राव, कुणी झाडावरसुद्धा चढत नाही," असं त्यांचं मत. वाचायचे मात्र जिवावर उदार होऊन. गोष्टीतली पोरं गुहेत शिरली की हे इकडे कंदील घासून ठेवत. पोरांना थंडी वाजली की हे मफलर गुंडाळत, भर एप्रिलमध्ये. एका कादंबरीतला मामा दुष्ट निघाला, तर सुटीत आमच्याकडे आलेल्या माझ्या मेव्हण्याशी ते आठ दिवस धड बोलले नाहीत. तो आमच्या मुलाचा मामा होता एवढ्यावरून. आणि पार्सलं पाठवायचा तोच.

एकटा जीव, दोन्ही वेळा जेवायला आमच्याकडे. त्या दिवशी आले, पण पाटावर बसेनात.

"अक्का, सदू विहिरीत आहे," ते बायकोला म्हणाले. "पुढची पानंच नाहीत. मी भात कसा खाऊ?"

"स्वल्प ताक तरी घ्या."

"त्याला कोण ताक देतंय?"

दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी मी बंबाची कबुली दिली. अण्णांनी वाकून बंबातली राख पाहिली. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "तुम्ही जाळलं, आता तुम्हीच काढा त्याला."

"बसा लिहीत," बायको म्हणाली. "यापुढे बंब मी पेटवीन."

ऑफिसात मसुदे लिहिण्यात माझी हयात चाललेली. अर्धा तास खपून लिहिलं, 'सदर मुलास दोराच्या साहाय्याने सुखरूप वर काढण्यात आले.' अण्णांनी वाचलं. "कुणी काढलं? आणि दोर कसला? बारा वर्षांचं पोर आहे राव, कागद नव्हे." ते उठले, मागच्या विहिरीचा मनगटाएवढा दोर सोडून आणला आणि ओलाच्या ओला माझ्या टेबलावर ठेवला. त्याच्याकडे बघत मी पुन्हा लिहू लागलो. मधेमधे ते विचारत, "पोचला का हाताला?" सदू काठावर आला तेव्हा अण्णांच्या मुठी आवळलेल्या होत्या. मग ते पाटावर बसले, तीनदा भात घेतला आणि म्हणाले, "त्यालाही वाढलं म्हणून लिहा."

अण्णांना जाऊन आता चार वर्षं झाली. परवा त्याच कादंबरीची नवी प्रत हाती लागली, शेवट उभ्या उभ्याच वाचला. सदूला कुणी काढलंच नव्हतं. विहिरीत एक भुयार होतं, त्यातून तो आपला आपण चालत घरी गेला. दोराचा कुठे उल्लेखही नाही.

बायको तांदूळ निवडत होती. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अण्णांना कळलं नाही ते बरं झालं. केवढा जाड दोर आणला होता त्यांनी."