आत्याचा खांदा आणि सरकारी वकिलांचे केस

आमची आत्या बायकांचे नि पुरुषांचे केस कापते, आणि कापताना अखंड बोलते. लस घेताना सुई दंडात न शिरता खांद्याच्या पार वर घुसली, तेव्हापासून तिचा उजवा हात छातीच्या वर जाईना. तरी लशीला तिनं नावं ठेवली नाहीत. "लस गुणाची गं, टोचणारीचं लक्ष कुठं होतं देव जाणे!" एवढंच म्हणायची. भरपाईचा दावा मात्र ठोकला.

लगेच गल्लीत कुजबुज. हात गेला म्हणते आणि दुकान तर धडाक्यात चालू! दुखण्यापेक्षा आत्याला तेच जास्त लागलं. "भरपाई राहिली तरी चालेल, पण खोटारडी म्हणवून घेणार नाही," ती मला म्हणाली.

सुनावणीला मी सोबत गेले. सरकारी वकिलांनी भरपाई समितीसमोर आत्याचा केस कापतानाचा फोटो फडकावला. "हे कसं जमतं, बाई?"

"गिऱ्हाइकाला खाली बसवते! फोटोत नुसतं डोकं दिसतंय, स्टूल कुठं दिसतंय?"

"मग दाखवा करून."

झालं! आत्याला कुणी 'दाखवा' म्हणायचीच खोटी. पर्समधून कात्री-कंगवा निघाला. अध्यक्षबाईंनी हसू दाबत मान डोलावली. कोपऱ्यातलं बुटकं स्टूल पायानं ओढून आत्यानं वकिलांना त्यावर बसवलं. त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले. हात छातीखालीच ठेवून आत्यानं एका बाजूचे केस कापलेसुद्धा.

"केस दाट आहेत हो. पण कापतं कोण? आधी त्याच्यावर दावा लावा!"

समितीतले डॉक्टर खो खो हसले. कारकून टेबलावर डोकं ठेवून हसत होता, आणि मी तर बाकावरून घसरलेच. खुद्द वकीलही हसता हसता ताठ झाले. त्यांचं डोकं वर आलं, आणि आत्या भान विसरली. सवयीनं तिचा हात त्यामागे वर गेला.

कात्री खणकन फरशीवर पडली. आत्या पांढरीफटक. खांद्यातली कळ सोसत ती टेबलाला टेकली.

एकाच बाजूनं कापलेल्या केसांनी वकील स्टुलावरून उठले. मग वाकून त्यांनी कात्री उचलली, तिच्या डाव्या हातात दिली आणि समितीकडे वळले.

"माझी हरकत मी मागे घेतो. बाई खरं बोलतायत."

इतके महिने दुखण्यानं न रडलेली माझी आत्या तिथं ढसाढसा रडली. आणि रडता रडताच वकिलांवर ओरडली, "उठलात कशाला? बसा खाली! उरलेली बाजू कोण करणार?"