सावित्रीची संहिता

चंद्रप्रकाश परबांना देवाने गळा दिला, लवचिक कंबर दिली आणि पोटासाठी मुलुंडच्या एका कारखान्यातलं लेथ मशीन दिलं. दिवसभर लोखंड कापायचं आणि मंडळाचा दशावतार लागला की मिशी काढून सावित्री व्हायचं, यातच जन्म गेला. कांजूरमार्गची माणसं खेळाला यायची ती सावित्रीचा यमाशी वाद ऐकायला, कारण तो दर वेळी नवा असायचा. दशावतारात लिहिलेलं काही नसतंच. कथा ठाऊक असते, बाकी पेटी वाजली की तोंडाला येईल ते.

परदेशातल्या मराठी मंडळाने बोलावलं तेव्हा परबांचे गुडघे कुरकुरू लागले होते. जायचं तर याच वर्षी, नाहीतर कधीच नाही. व्हिसाचं काम दिशाने अंगावर घेतलं. मुलगी वकील, मग वकिलातीची भीती कसली, असं ते चाळभर सांगत सुटले.

"बाबा, नाटकाची संहिता मागतायत."

"खंयची संहिता? आमच्या नाटकाक संहिता नसता गो."

"कागदावर नाही ते कायद्यात नसतंच, बाबा. तुम्ही बोला, मी टाइप करते."

ते बोलले. तिने टाइप केलं आणि हीच नाटकाची संहिता म्हणून खाली वकिलाची सही ठोकली. इथेच माशी शिंकली.

वकिलातीत काचेपलीकडे साहेब बसला होता, शेजारी दुभाषी बाई. साहेबाला संहितेतला थोडा भाग करून दाखवलेला हवा होता. बाईने कागद उघडून यमाचं वाक्य वाचलं, "इथून पुढे तुला येता येणार नाही." झालं, परबांचं भान सुटलं. असा अस्सल यम त्यांना आयुष्यात भेटला नव्हता. हात कमरेवर गेला.

"धर्मराजा, ही सीमा कुणी आखली? पतीचे प्राण तुझ्या हाती असतील, पण माझे पाय माझे आहेत!"

बाईचं बोट कागदावर फिरत राहिलं. एक शब्द जुळेना.

नकार आला. कलेच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्या त्या देशाने कारण एका ओळीत उरकलं: संहिता बनावट दिसते. खाली सही दिशाची. त्या सहीबद्दल कोर्टातले सहकारी तिला हसून विचारायचे, आणि ते हसणं तिला फार लागलं.

"पाठ करून बोलला असतात तर काय बिघडलं असतं, बाबा?" ती एकदा फाडकन बोलली. स्वतःची वाट लागली ते परबांनी गिळलं होतं, लेकीची लागली ते गिळवेना.

पुढचा खेळ कांजूरच्या मैदानात होता. यमाच्या वेषातला माणिक गरजला, "मागे फिर!" सावित्री बोलू लागली आणि पहिल्याच वाक्याला प्रेक्षकांत बसलेली दिशा चमकली. ते तिनेच टाइप केलेलं होतं. पुढचंही. माणिक नवे मुद्दे काढून डिवचत राहिला, पण सावित्री त्याला उत्तरच देईना, पाठ केलेलं म्हणत राहिली. पेटीवाला गोंधळला. माणसं जांभया देत उठू लागली.

खेळ संपला. लुगडं न सोडताच परब लेकीपुढे येऊन उभे राहिले.

"बघितलंस मा गो? एक शब्द इकडचो तिकडे झालो नाय."