भारी कार्ड आणि स्वस्तातला पॉवर सप्लाय

आज लेकीबरोबर तिच्या गेमिंग कॉम्प्युटरचे पार्ट निवडत होतो. भारी ग्राफिक्स कार्ड बजेटमध्ये बसावं म्हणून तिने सगळ्या पार्टना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय अगदी स्वस्तातला निवडला. म्हणाली, "बाबा, तो कोणाला दिसतोय?"

ऐंशीच्या दशकात मीही हेच केलं होतं. चौक या आमच्या गावी भजनी मंडळासाठी सुटे पार्ट जोडून अॅम्प्लिफायर बनवला. स्पीकर मोठे घेतले, ट्रान्सफॉर्मर स्वस्तातला. संध्याकाळी गावातली भाताची गिरणी बंद झाली, तिचा भार उतरताच व्होल्टेज उसळलं आणि पहिल्याच अभंगाला धूर निघाला.

म्हातारे बुवा शांतपणे म्हणाले, "आवाज आमच्याकडं हाय रं. तू नुसती वीज सांभाळायची व्हती."

हे ऐकून लेकीने कार्ड एक पायरी खाली आणलं आणि पॉवर सप्लाय चांगला घेतला.

मी मात्र गेल्याच महिन्यात घराला भारीतला रंग दिला आणि आतली जुनी वायरिंग तशीच ठेवली. तुमच्याकडे असं काय झाकलेलं आहे?