चढावर बंद पडणारी सायकल

मंगरूळपीरला बसस्टँडच्या मागे धम्मरत्न इंगोले यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग मिक्सर-पंखे आणि आता काही वर्षांपासून बॅटरीवर चालणाऱ्या सायकली. यंत्राला हात लावायच्या आधीच हा माणूस दोष सांगतो, असा त्यांचा लौकिक होता. गिऱ्हाईक पिशवीतून मिक्सर बाहेर काढतंय तोवर हे म्हणणार, "कार्बन घासले. ठेवून जा." बहुतेक वेळा तेच निघायचं. त्या बहुतेक वेळांनीच आपला घात केला, असं ते आता म्हणतात.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत पौर्णिमा राठोड पहिल्यांदा त्यांच्या दुकानात आली. आसेगावजवळच्या एका तांड्यावरची, वय तिशीच्या आतबाहेर. ती पशुसखीचं काम करायची. गावोगाव फिरून शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायची. लसीला थंडावा लागतो, म्हणून सायकलच्या कॅरिअरला बर्फाचा डबा बांधलेला असे.

"भाऊ, चढावर बंद पडते," ती म्हणाली. "सपाटीले काही नाई. चढ लागला का मीटरच इझते. चार-पाच मिनिटं थांबली का आपोआप चालू होते."

धम्मरत्नांनी बॅटरीला मल्टिमीटर लावला. पूर्ण भरलेली बॅटरी बेचाळीस व्होल्ट दाखवते. हिने साडेएकेचाळीस दाखवले. सायकल स्टँडवर लावून मूठ पिळली, तर मागचं चाक गरगर फिरलं. चार्जर पाहिला, तोही ठीक.

"बॅटरी टकाटक हाये," ते म्हणाले. "तू चढावर ब्रेक दाबून धरत असशीन. ब्रेकच्या मुठीत स्विच असते. दाबला का मोटर बंद."

"नाई जी, ब्रेकले हातच नसते माहा."

"तुले समजत नसीन, बाई."

ती गेली. महिनाभराने पुन्हा आली तेव्हा तिच्या हातात वही होती. सायकल कुठं कुठं बंद पडली, डबा भरलेला होता का रिकामा, किती मिनिटांनी चालू झाली, सगळं तारीखवार लिहून आणलेलं. लग्नसराई तोंडावर होती, दुकानात कूलर घेऊन चार माणसं उभी होती. धम्मरत्नांनी वही हातातसुद्धा घेतली नाही.

"बाई, सायकल चालवाची असते, तिच्यावर निबंध नाई लिहाचा."

माणसं हसली. पौर्णिमाने वही मिटली. धम्मरत्नांनी देखल्यादेवा बॅटरीच्या पिना घासून दिल्या आणि तिला वाटेला लावलं. बॅटरीची पेटी उघडून पाहावी, असं त्यांच्या मनात क्षणभर आलं होतं, हे त्यांनी पुढे बायकोजवळ, लिलाबाईजवळ कबूल केलं. पण पेटी सीलबंद, उघडायची तर अख्खी दुपार जाणार. आणि उघडल्यावर दोष निघालाच, तर चार माणसांत दिलेला निकाल आपल्याच हाताने खोडावा लागणार. त्यापेक्षा कूलर बरे.

त्यानंतर ती आलीच नाही. पोळ्याच्या सुमारास तिचे वडील हरिसिंग सायकल रिक्षात घालून घेऊन आले. "इकली त इका. पोरगी नाई चालवत आता," एवढंच बोलले. काहून नाही चालवत, हे धम्मरत्नांनी विचारलं नाही. सायकल दुकानाच्या कोपऱ्यात उभी राहिली. अधूनमधून चार्ज करायची आणि पुन्हा झाकून ठेवायची.

जानेवारीत एका शेतकऱ्याची दुरुस्त केलेली पाण्याची मोटर पोचवायची होती आणि धम्मरत्नांची गाडी पंक्चर होती. त्यांनी ती मोटर पौर्णिमाच्या सायकलला बांधली आणि निघाले. नाल्यापर्यंत सायकल झकास चालली. पूल ओलांडून चढ लागला आणि मीटर विझलं. सायकलची मोटर मुकी. धम्मरत्नांनी खाली पाहिलं. ब्रेकला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं. पाच मिनिटांनी मीटर आपोआप उजळलं. वीस पावलांवर पुन्हा अंधार.

ते तिथेच रस्त्याच्या कडेला उभे राहिले. ब्रेकचा स्विच दाबला गेला तर मोटर थांबते, पण मीटर चालूच राहतं. मीटरही विझलं, म्हणजे बॅटरीच मान टाकतेय. ही गोष्ट त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. आणि त्या बाईने पहिल्याच दिवशी, पहिल्याच बोलण्यात सांगितलं होतं, मीटरच इझते म्हणून.

दुकानात येऊन त्यांनी पेटी उघडली. चाळीस सेल, चार-चारच्या दहा ओळी. सहाव्या ओळीत दोन सेलांवरची पट्टी वेल्डमधून सुटून नुसती टेकलेली होती. चौघांचा भार दोघांवर. सायकल उभी असताना मल्टिमीटरला सगळं भरलेलं दिसणार. चढ आला, वजन पडलं की ती ओळ बसणार आणि आतलं संरक्षणाचं सर्किट सगळंच बंद करणार. त्यांनी सुटलेले सेल चार्ज करून बरोबरीला आणले, पट्टी पुन्हा वेल्ड केली, पेटी बंद केली. पाण्याची मोटर पुन्हा बांधून तोच चढ तीनदा चढून आले. एका दुपारचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी ते सायकल घेऊन तांड्यावर गेले. पौर्णिमा अंगणात तूर पाखडत होती. तिची आई, सुंदरबाई, आतून पाणी घेऊन आली.

"तुहं बरोबर होतं," धम्मरत्न म्हणाले. "बॅटरीतच बिघाड होता. चुकलं माहं."

पौर्णिमाने सूप खाली ठेवलं. "कुठी होता?"

त्यांनी मोबाइलमधला फोटो दाखवला. तिने तो बोटांनी मोठा करून नीट पाहिला, पट्टी कशी सुटते तेही विचारलं. मग सांगितलं, ते सगळं एका दमात. एप्रिलच्या उन्हात सायकल दोनदा वाटेत अडकली, बर्फ वितळला, लस फेकून ती परत आली. दोन्ही वेळा बायका शेळ्या बांधून दुपारपर्यंत वाट पाहत बसल्या होत्या. तिसऱ्यांदा डबा कोमटच झाला होता, पण लोकांसमोर परत फिरायची हिंमत झाली नाही. तिने लस टोचली. पावसाळ्यात साथ आली आणि तांड्यावरच्याच प्रयागबाईच्या चारपैकी तीन शेळ्या गेल्या.

"फेकाले पाह्यजे होती म्या," ती म्हणाली. "ते माहं पाप. पन सायकल बंद पडते म्हनलं त कोनी मानेच ना. मिस्तरी म्हनते बॅटरी चांगली, तुलेच चालवता येत नाई. साऱ्या गावात तेच झालं."

"सायकल घे. काही नको मले."

"सायकल नका देऊ. दुकानात चार मानसांत मले हसले होते, आता चुकलं म्हनले तेबी इथं चार मानसांत म्हना."

शनिवारी तांड्यावर बायकांच्या बचत गटाची बैठक होती. पंधरा-वीस बायकांसमोर धम्मरत्न उभे राहिले. चाळीस वर्षं लोकांना दोष समजावून सांगणारा माणूस, पण त्या दिवशी स्वतःचा दोष सांगायचा होता. पट्टी, सेल, भार, सगळं भराभर सांगून ते शेवटी म्हणाले, "ही पोरगी खरं सांगत होती. म्या ऐकलं नाई."

मागे बसलेली प्रयागबाई म्हणाली, "मंग माह्या शेळ्या बॅटरीनं मेल्या का?"

"बॅटरीनं नाई, बाई. म्या उघडून नाई पाह्यली त्यानं."

"पावसाळ्यापासून म्या हिच्यासंग बोलली नाई," प्रयागबाई स्वतःशीच म्हणाली. मग पदर सावरून उठली आणि पौर्णिमाकडे न बघताच निघून गेली. कुणी तिला थांबवलं नाही.

पशुसखीचं काम तोवर दुसरीकडे गेलं होतं. रत्नमाला नावाची मुलगी करते, चांगली करते. तिला काढून पौर्णिमाला घ्या, असं कोण म्हणणार? सायकल आता रत्नमालाच वापरते, आणि ती सगळे चढ चढते.

त्या शनिवारी बैठकीनंतर निघताना धम्मरत्न फाट्यापर्यंत पायी आले. पौर्णिमा सोबत होती. बस दिसू लागली तेव्हा त्यांनी कसंबसं विचारलं, "माह्या दुकानात येशीन का कामाले? तुह्यासारखं टिपून ठेवनारं मानूस मले पाह्यजे."

पौर्णिमाने बसला हात दाखवला. बस थांबली.

"तवा म्हनले असते त आली असती, भाऊ," ती म्हणाली. "चढा. जागा हाये मागं."