उणे सतराचं करायचं काय?

ऑफिसात सगळे त्यांना दुभाषीबाई म्हणत. रक्त तपासायच्या यंत्राची जुनी लायब्ररी, म्हणजे यंत्राशी बोलणारा तयार प्रोग्राम, फक्त आकड्यांत बोलायची. शून्य म्हणजे ठीक, उणे चार म्हणजे झाकण उघडं, उणे नऊ म्हणजे रक्त गोठलं. नव्या प्रोग्रामला हे आकडे कळत नसत. त्याला लागे एक्सेप्शन, म्हणजे काम जागच्या जागी थांबवून काय बिनसलं ते शब्दांत सांगणारी आरोळी. आकड्याची आरोळी करून देणं हे बाईंचं काम. घरी नवऱ्याच्या एका "हं"चे पाच अर्थ लावणाऱ्या बाईंना ते काही जड नव्हतं.

जड गेला तो उणे सतरा. यादीत त्याचा अर्थच दिलेला नव्हता. बाईंनी आपलं अंदाजानं "उणे सतरा: नमुना खराब" ठोकून दिलं होतं.

आणि प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईचा फोन आला. "अहो ताई, एका आजींना दोनदा सुई टोचली, दोन्ही नमुने तुमच्या सतरापायी फेकले. उद्या तिसऱ्यांदा येतायत, हातात शीर सापडत नाहीये. नमुना खरंच खराब असतो का हो?"

ज्यांनी लायब्ररी लिहिली, त्या निवृत्त काकांचं घर बाईंनी तडक गाठलं. काका खुर्चीचा पाय बसवत होते.

"उणे सतरा? कुठल्या गाढवानं घातला?"

"तुम्हीच, काका."

"मी? बरं." काका विचारात पडले. "यंत्रानं उत्तर दिलं नाही की घालायचो वाटतं. का उत्तर दिलं, पण मला कळलं नाही तेव्हा? दोन्हीतलं एक नक्की."

"पण तेव्हा नमुना खराब असतो का?"

"नमुन्याचा काय संबंध? म्हणजे... असेलही. जरा हा पाय धर गं."

बाई पाय धरून, डोक्याचा आणखी गुंता करून परतल्या. उणे सतराच्या आरोळीसाठी तीन वाक्यं लिहिली, तिन्ही खोडली. शेवटी लिहिलं, "काय बिघडलं ते कळलेलं नाही. नमुना फेकू नका, तोच पुन्हा लावा."

साहेब उखडले. "गिऱ्हाइकाला 'कळलं नाही' असं सांगायचं?"

"तुम्हाला कळलं असेल तर सांगा, ते घालते."

साहेबांना एकदम मीटिंग आठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "ताई, आजींच्या वेळी पुन्हा सतरा! पण तोच नमुना लावला आणि रिपोर्ट निघाला. या वेळी सुई एकदाच."

"मग बिघडलं काय होतं?"

"मला काय माहीत! यंत्र तुमचं."

आजींचा हात आणखी सुयांतून सुटला, म्हणून बाईंना हायसं वाटलं. तोच नमुना दुसऱ्यांदा कसा चालला, ते मात्र काही केल्या कळेना.