नुसती वाचायची प्रत

चाकणच्या कारखान्यात मी डेटाबेस सांभाळतो. उत्पादनाच्या नोंदी मूळ डेटाबेसमध्ये होतात आणि रिपोर्ट काढायला त्याची एक वेगळी प्रत ठेवली आहे. प्रतीतून नुसतं वाचायचं, तिच्यात कुणाला काही लिहिता येत नाही. तरी एका सोमवारी मॅनेजरांना दिसलं, की शिफ्ट बदलताना प्रतीच्या डिस्कवर लिहिण्याचा आलेख एकदम वर चढतो.

"कुणीतरी आकड्यांत हात घालतंय," ते म्हणाले. त्या वेळी रिपोर्ट काढायच्या एकच ताई. ठेकेदाराकडून आलेल्या, मूळच्या नांदेडच्या, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर.

"मी नुस्तं बटन दाबते, सर. त्यायला सांगा की तुमी," त्या मला म्हणाल्या.

"बघून सांगतो," मी म्हणालो. हे माझं नेहमीचं वाक्य. थेरगावहून बस बदलत यायचं, दिवसभर तक्रारी ऐकायच्या, आणखी काही बघायची इच्छाच उरत नाही. तीन दिवस मी बघितलं नाही. गुरुवारी ताईंना गेटवरूनच परत पाठवलं.

मग बघितलं. दहा मिनिटांचं काम होतं. एका जुन्या साहेबांच्या हट्टापायी शिफ्टचा रिपोर्ट कारखाना सुरू झाल्या दिवसापासूनचा निघायचा. कारखान्यातल्या फळ्यावर मात्र शेवटच्या आठ तासांचेच आकडे लिहायचे. साहेब केव्हाच गेले, पद्धत राहिली. एवढ्या नोंदी क्रमाने लावायला मेमरी पुरत नाही, म्हणून मशीन डिस्कवर कच्चं काम करतं, आपण रफ वहीत करतो तसं, आणि मग पुसून टाकतं. आकड्यांना कुणाचाच हात लागला नव्हता. आणि तो रिपोर्ट मीच बनवला होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

रिपोर्टला शेवटच्या आठ तासांचीच अट घातली. पुढच्या शिफ्टला मीच बटण दाबून रिपोर्ट काढला, तरी आलेख खालीच राहिला. सगळं सांगायचंच, असं ठरवून केबिनमध्ये गेलो.

"बघितलंत?" मॅनेजर खुशीत होते. "ताई गेल्या आणि लिहिणं थांबलं." त्यांनी चहा माझ्यापुढे सरकवला.

आता सगळं पहिल्यापासून समजावायचं, वर माझी चूक कबूल करायची. अंगात त्राण नव्हतं. "हो सर," म्हणालो आणि चहा प्यायलो.

संध्याकाळी ताईंचा फोन आला. "सर, बघितलं का हो?"

"बघतोय," मी म्हणालो.