पोटावरचे हेडफोन

माझी मुलगी जन्माला यायच्या आधी तीन महिने मी तिला रोज वीस मिनिटं काहीही ऐकवलं नाही. ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

वाचणारा म्हणेल, काहीही न ऐकवणं हा काय गुन्हा झाला? बहुतेक बाप तेच तर करतात. खरं आहे. पण ते बायकोच्या पोटावर हेडफोन लावून करत नाहीत.

मुळात मी बोलणारा माणूस नाही. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका गाळ्यात मी सुपरवायझर आहे. तिथे मशीनच इतकं बोलतं की माणसाला वाव नाही. घरी शिरताना "आलो", जेवल्यावर "झालं", आणि सकाळी "निघतो" एवढ्यात माझा संसार चालायचा. (वैशालीचं तसं चालत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला बोलावं लागलं असतं.)

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बाळाला ऐकू यायला लागेल. घरच्यांनी गप्पा मारत जा." हे ऐकून सगळ्यात जास्त चेव आला तो माझ्या आईला. "मी काय सांगी होतंय? पोटातला पोर सगळा आयकता! बापाशीन रोज बोलाक होया!" लगेच अभिमन्यूची गोष्ट झाली. शेजारच्या शिंदेवहिनी गर्भसंस्काराचं पुस्तक घेऊन आल्या. आणि संध्याकाळी मला पोटासमोर पाट टाकून बसवलं.

"बोल ना," वैशाली म्हणाली.

"काय बोलू?"

"काहीही. तुझंच मूल आहे."

"हॅलो," मी म्हणालो.

"अरे, फोन लागलाय का?"

"जेवलं का?"

"मी जेवले की ते जेवतं! पुढे बोल."

पुढे काही नव्हतं. मी पोटाकडे बघत राहिलो. स्वयंपाकघरात भांडी घासायचा आवाज थांबला होता, म्हणजे आईही ऐकत होती. अभिमन्यूच्या गोष्टीत निदान ऐकणारीला झोप लागली म्हणून घोटाळा झाला. इथे बाळाची आई टक्क जागी, बाळ जागं, आजी दाराआड जागी, आणि सांगणाऱ्याचीच दातखीळ!

सुटकेसाठी मी म्हणालो, "मी रेकॉर्ड करून आणतो. निवांत. मग हेडफोन लावू."

"मी पण ऐकणार हां!"

"नको," मी म्हणालो. आणि मग आयुष्यात एकदाच सुचावं तसं वाक्य तोंडातून निघालं, "ते आमच्या दोघांतलं असू दे."

वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी वाट लागायची सुरुवात तिथे झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी खोक्यांच्या थप्पीमागे बसलो आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. आता बोलतो, आता बोलतो, असं करत वीस मिनिटं गेली. नंतर ऐकून पाहिलं. पंख्याची घरघर. सातव्या मिनिटाला मी एकदा खाकरतो. शेवटी "चला" म्हणून उठतो. बस. म्हटलं, आजचा दिवस हेच लावू, उद्या नीट करू.

तो आजचा दिवस तीन महिने चालला.

रोज संध्याकाळी मी वैशालीच्या पोटावर हेडफोन ठेवायचो. ती डोळे मिटून स्वस्थ पडायची. मी शेजारी गप्प बसायचो. चौथ्या दिवशी ती ओरडली, "लाथ मारली! तुझा आवाज ओळखला रे!" (माझा अंदाज, ते खाकरणं असावं.) मग हे रोजचंच झालं. हेडफोन ठेवले की लाथ. वैशालीने शिंदेवहिनींना सांगितलं, शिंदेवहिनींनी मजल्याला, मजल्याने बिल्डिंगला. शिंदे मला जिन्यात गाठून म्हणाला, "काय यार, बायको रोज तुझं नाव घेऊन टोमणे मारते. जरा कमी बोल ना!"

त्यापेक्षा कमी कसं बोलायचं, ते मला माहीत नव्हतं.

डोहाळेजेवणाला कळस झाला. हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत वैशाली बसलेली, आणि बायकांनी एकच गिल्ला केला, "भावोजी, ते रेकॉर्डिंग स्पीकरवर लावा! आमच्या नवऱ्यांना ऐकवायचंय!" माझा हात फोनवर घट्ट. शिंदेवहिनी फोन ओढायला लागल्या. तेवढ्यात वैशालीच उठली. "नाही हां, वहिनी. मी बायको असून ऐकलं नाहीये. ते बाप-लेकरातलं आहे." आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "माझो झील घरात तोंड उघडना नाय, आणि पोटातल्या पोरावांगडा रोज बोलता. देवाक काळजी!"

खरं सांगायची वेळ ती होती. मी पेढा खाल्ला.

मुलगी झाली. सई. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमधल्या ताईंनी तिच्या कानात छोटं यंत्र घालून तपासणी केली आणि म्हणाल्या, "दोन्ही कानांचा प्रतिसाद नीट आला नाहीये. घाबरू नका, दोन आठवड्यांनी पुन्हा बघू."

घाबरू नका! मी घरी येऊन बाथरूमची कडी लावून उभा राहिलो. ज्या महिन्यांत लेकराचे कान तयार होत होते, त्या महिन्यांत मी त्यांना पंखा ऐकवला होता. वापरात नसलेलं मशीन गंजतं, हे मी रोज बघतो. कानांचं वेगळं काय असणार?

ते दोन आठवडे आमच्या घरात जो गोंगाट झाला तसा त्या बिल्डिंगने गणपतीत ऐकला नसेल. आईने पाळण्याजवळ ताट आपटलं. सई झोपलेली. शिंदेने खुळखुळा, मग मोटारसायकलचा हॉर्न आणला. सई झोपलेली. मी कुकरचं झाकण फरशीवर टाकलं. तळमजल्यावरून माणूस वर आला, सईने जांभई दिली. वैशाली हसता हसता एकदम रडायला लागली आणि म्हणाली, "पण तुझ्या आवाजाला तर लाथ मारायची ना रे? तेव्हा ऐकू येत होतं ना?" ती त्या एका आशेवर बसली होती. आणि ती आशा खोटी आहे, हे घरात एकट्या मला माहीत होतं.

फेरतपासणीच्या आदल्या दिवशी मी हाफ डे टाकून एकटाच त्या ताईंकडे गेलो.

"माझा एक मित्र आहे," मी म्हणालो.

"बरं."

"त्याने बाळाला पोटात असताना हेडफोनवर... म्हणजे, नुसतंच... काहीच ऐकवलं नाही. त्यामुळे कान बनायचे राहतात का?"

ताईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, कान कोणाची वाट बघत बसत नाहीत. आतला शंख, गोगलगाईच्या घरासारखा, तो पाचव्या महिन्यापर्यंत आकाराला येतो. सहाव्याच्या आसपास ऐकू यायला लागतं. आणि पोटात शांतता कुठली? आईचं हृदय, रक्ताची खळखळ, आतड्यांची गुरगुर. पहिल्या तपासणीत बऱ्याचदा कानात जन्माच्या वेळचा चिकटा असतो, म्हणून अडतं. खरं तर पोटावर हेडफोन लावूच नयेत. बाळाला कान झाकता येत नाहीत. तुमच्या मित्राने काही लावलं नाही हेच बरं केलं!"

मला हसू येणार होतं.

"आईचा आवाज सगळ्यात चांगला पोचतो," त्या पुढे म्हणाल्या. "बापाने वेगळं काही करायला नको. शेजारी बसून बायकोशी गप्पा मारल्या तरी बाळ ऐकतं. तेवढं तरी बोलत असतील ना तुमचे मित्र?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो.

"आणि मित्राच्या बाळाला उद्या किती वाजता आणताय?"

दुसऱ्या दिवशी दोन्ही कान ठणठणीत निघाले. वैशालीने तिथेच माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "तुझ्या बोलण्याने झालं." मी मान डोलावली. त्या खोलीत त्या ताईही होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर सही केली.

सई आता चौदा वर्षांची आहे. तान्ही होती तेव्हा आजी गॅलरीतून कोळणीशी भांडायला लागली की पाळण्यातली सई रडायची थांबायची. वैशालीने नुसतं "अगं" म्हटलं तरी मान वळवायची. मी हाक मारली की, हे गृहस्थ कोण, अशा नजरेने बघायची.

गेल्या आठवड्यात वाकोल्याहून वैशालीच्या भाचीचा फोन आला. तिला सहावा लागलाय. "काका, मावशी म्हणते तुम्ही एक्स्पर्ट आहात. आमच्या ह्यांनी बाळाशी काय बोलायचं?"

"त्याला म्हणावं, बायकोशी बोलत जा," मी म्हणालो.

मी फोन ठेवला, तर वैशाली समोर उभी. "एवढंच? तू सईशी काय बोलायचास, ते चौदा वर्षांत मला कधी सांगितलं नाहीस हां."

"सांगेन."

"कधी?"

मी गाळ्यावर निघालो होतो. "निघतो," म्हणालो.

हे सगळं लिहायला मला चार रविवार लागले. ती विचारते, काय लिहितोस, आणि मी म्हणतो, कामाचं. पण हा कागद पुढे करून सुटका नाही, हे आता या वयात मला समजतं. वैशालीला हे तोंडाने सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.